कृपया निरोप घेऊ नये

"ये, सरकार, ये," संग्राम अंगणाच्या मधोमध उभा राहून मांडीवर थापा मारत होता. सरकारनं कान टवकारले, क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि शेपूट ताठ करून थेट उलट्या दिशेला, फाटकाकडं धूम ठोकली. तिथं खुर्च्या न्यायला आलेला टेम्पोवाला निघायच्या बेतात होता. सरकारनं जाऊन त्याची टाच धरली.

"उलट्या खोपडीचं निघालं," संग्राम म्हणाला.

खोपडी कुणाची उलटी आहे ते मला ओसरीवरून स्वच्छ दिसत होतं. पण मी चहा पीत होतो, आणि त्या घरात माझ्या मताला चहाच्या चोथ्याइतकीही किंमत नव्हती.

सरकार म्हणजे अल्सेशियनचं पिल्लू. एक कान उभा, दुसरा अजून पडलेला, पंजे अंगापेक्षा मोठे. संग्राम माझा मेव्हणा. त्याचं वय वाढलं होतं, पोट वाढलं होतं, बुलेटचा आवाज वाढला होता. बाकी सगळं होतं तिथंच होतं. कारखान्याच्या चेअरमनच्या बंगल्यावर असलं कुत्रं बघून आला आणि आठवड्याच्या आत पुण्याहून हे उचलून आणलं. राखणीला म्हणून सांगितलं. नाव ठेवलं सरकार, म्हणजे हाक मारली की चारचौघांनी वळून बघावं. डोकं चाललं ते तेवढंच.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा त्या घरचा घरजावई होतो. माझे सासरे तात्या यांचा कराडात मंडपाचा आणि जेवणावळींचा धंदा. आचाऱ्यांवर नजर ठेवायची, कोठीच्या किल्ल्या सांभाळायच्या, किती पानं उठतील याचा अंदाज बांधायचा, हे सगळं त्यांची थोरली लेक शालन एकटी करायची. तिला सासरी पाठवली असती तर धंदा बसला असता. म्हणून त्यांनी मुलगी पाठवण्याऐवजी नवरा मागवला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आईवडील नव्हते, चेहरा गरीब होता. असा माल लगेच पसंत पडतो. घराला लागूनच गोडाऊन होतं. त्यात पातेली, सतरंज्या आणि लोखंडी खुर्च्या असायच्या, आणि माडीवर मी.

तात्या बोलायचे कमी आणि खाकरायचे जास्त. ते खाकरले की घरात निर्णय झाला असं समजायचं. सासूबाईंना सगळे माई म्हणत. त्यांचं तोंड गोड. 'जावईबापू' म्हणताना त्यातल्या बापूवर त्या इतकी साखर घालत, की मुंग्याच लागायच्या राहायच्या. तात्या आणि संग्राम मला नुसतं मास्तर म्हणायचे, तेच मला बरं वाटायचं.

पहाटे आचारी येत, मग दूधवाला, मग मंडपाची माणसं, मग गिऱ्हाइकं आणि त्यांची पोरंबाळं. दार बंद झालेलं मी त्या घरात दिवसा पाहिलं नाही. पिल्लू डोळा मिटायला लागलं की कुणीतरी त्याला उठवणारच. पोरं शेपटी ओढायची, आचारी जिलबी दाखवून नाचवायचे, संग्राम आल्यागेल्याला 'शेकहँड' करून दाखवायचा. पिल्लू चिडून चावायला लागलं की म्हणायचे, अंगात मस्ती फार आहे, दमवा त्याला. मग संग्राम त्याला बुलेटमागं पळवायचा. पळून आल्यावर ते जास्तच चावायचं, म्हणून आणखी पळवायचा. माईंचं म्हणणं, नजर लागली. त्या मीठमिरच्या उतरून चुलीत टाकायच्या. ठसक्यानं पिल्लू शिंकायचं आणि उरलीसुरली गुंगीही जायची. रोगच औषध म्हणून पाजत होते आणि गुण येत नाही म्हणून रोग्याला शिव्या देत होते.

शेवटी मी ते जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दात बघितले, पोट दाबलं आणि विचारलं, घरात लग्न आहे का? मी म्हणालो, आमच्याकडं रोजच कुणाचं तरी असतं.

"मग याला झोपू द्या," ते म्हणाले. "तान्ह्या पोराची झोप मोडली की ते रडतं. हे चावतं. एवढाच फरक."

थोडं खेळवा, जेवू घाला आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पडू द्या. या वयात दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपलेलंच असायला हवं, असं त्यांनी सांगितलं. मी ते जेवताना सगळ्यांच्या कानावर घातलं. संग्रामला हसताना ठसका लागला. कुत्रं राखणीला आणलंय की अंगाई म्हणायला, असं त्यानं विचारलं. राखणीला जागायचं तर आधी झोप झालेली असावी लागते, हे माझ्या ओठावर आलं होतं, पण समोर तात्या बसले होते. ते खाकरले. आणखी एका माणसाला चावलं तर कुत्रं वीटभट्टीवर, असा निकाल झाला.

वीटभट्टी नदीपलीकडं होती, तात्यांच्या एका दोस्ताची. संग्रामची आधीची दोन हौशी कुत्री तिथंच गेली होती. त्यातलं एक मी बघितलं होतं. आखूड साखळीवर धुरात उभं होतं आणि साखळीनं त्याच्या मानेत घर केलं होतं. माझ्याकडं बघून त्यानं शेपूटसुद्धा हलवलं नाही.

मी म्हणालो, पिल्लाचं मी बघतो. सगळ्यांना बरं वाटलं. घरजावयाला अखेर काम मिळालं.

मग मी सकाळी शाळेआधी त्याला प्रीतिसंगमावर न्यायला लागलो. ते वाळू उकरायचं, कावळ्यांवर धावायचं, पाण्याला घाबरून मागं फिरायचं. जीभ लोंबायच्या आत मी त्याला परत आणायचो. जेवण झालं की झोप. त्यासाठी जिन्याखाली, गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागं, मी मंडपाची जुनी जांभळी कनात पडद्यासारखी टांगली. शालननं आत पोती अंथरली. "हितं कुणी येणार न्हाई," ती पोत्यावर हात फिरवत म्हणाली. पहिल्याच दिवशी सरकार तिथं असं पसरलं, की मी दोनदा वाकून श्वास बघितला.

कनातीमागं बसून पेपर वाचता वाचता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. पातेलं पडलं तरी ते हलायचं नाही. लोखंडी खुर्च्या टेम्पोतून धाडधाड उतरल्या तरी नाही. पण ओसरीवरून कुणी म्हणालं, "येतो हो माई," की डोळे उघडायच्या आधीच त्याचे पाय पळायला लागायचे.

आता, आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे काही त्या घरचं नवल नव्हे. पण तिथं त्याचा कायदाच झाला होता. मागं कधीतरी एक कामगार 'जातो माई' म्हणून बाहेर पडला आणि त्याच दिवशी मंडपाच्या खांबावरून खाली आला. पाय मोडला. दारू प्यायला होता, पण दारूला कुणी बोल लावला नाही; तो शब्दच बाटला. तेव्हापासून त्या उंबऱ्यावर जो तो खणखणीत आवाजात 'येतो' म्हणायचा आणि माई आतून तितक्याच मोठ्यानं 'या' म्हणायच्या. दिवसभर हेच.

डोक्यात उजेड पडला तेव्हा मी एकटाच हसलो. 'येतो' म्हटलं की माणूस दाराबाहेर नाहीसा होतो, एवढंच त्या पिल्लानं जन्मभर, म्हणजे त्याच्या चार महिन्यांत, पाहिलं होतं. 'ये' म्हणजे निघून जाणं. मेंढरं राखणाऱ्या जातीचं ते. कळपातून निघालेल्याची टाच धरायची आणि त्याला माघारी आणायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. संग्राम 'ये' म्हणून बोलवायचा, तेव्हा ते बिचारं कोण निघालंय ते बघायला फाटकाकडं धावायचं. त्या सगळ्या घरात मन लावून मराठी ऐकणारं तेवढंच एक होतं.

मी हे तात्यांना समजावून सांगितलं. त्यांनी खाकरायचेही कष्ट घेतले नाहीत. संग्राम म्हणाला, "मास्तर, चित्रं काढा तुमी." मग मी माईंना म्हणालो, लोकांना थोडे दिवस 'जातो' म्हणू दे, फार तर तुम्ही मनात येतो म्हणा. माईंच्या तोंडावरची साखर पहिल्यांदाच उतरलेली मी बघितली.

"माझ्या उंबऱ्यावरनं कुणी जात न्हाई, जावईबापू," त्या म्हणाल्या. "येत्यात सगळी."

तेव्हा मी खरंच चित्रं काढायला बसलो. पत्र्याची एक पाटी घेतली, पांढरा हात दिला, वर लाल झालर काढली आणि खाली ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं: कृपया निरोप घेऊ नये. सरकार झोपले आहे.

पाटी ओसरीच्या खांबावर लागली आणि कामगारांना नवा खेळ मिळाला. मोठमोठी आडदांड माणसं ओठावर बोट ठेवून चवड्यांवर बाहेर पडू लागली. माईंना ते आवडलं नाही, पण 'जातो' तरी कुणी म्हणत नव्हतं. हळूहळू पिल्लू निवळलं. झोपून उठलं की आळोखेपिळोखे द्यायचं, दोरीचा तुकडा कुरतडायचं, अंगणात चार चकरा मारून पुन्हा कनातीमागं जायचं. मी 'इकडं' म्हटलं की येऊन पायाला टेकायचं. त्याचा पडलेला कानही याच दिवसांत उभा राहिला. चावणं थांबलं ते संग्रामच्या ध्यानातच आलं नाही, कारण न घडलेली गोष्ट त्याला कधी दिसायची नाही.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो. कनात थोडी सरकलेली होती. आत शालन बसली होती. पिल्लाला भाकरी घालायला आली असावी. वाडगा हातातच होता, डोकं सतरंजीच्या गुंडाळीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. सरकारनं तिच्या पावलावर हनुवटी ठेवली होती. लग्न झाल्यापासून मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. रात्रीही ती माझ्यानंतर झोपायची आणि माझ्याआधी उठायची, तेव्हा म्हणायचं झालं तर मी तिला झोपलेली पहिल्यांदाच पाहत होतो. तिच्या कपाळावर आठी होती, आणि झोपेतही ती गेली नव्हती.

"शाले, येतीस का?" माईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली.

दोघंही एकदमच उठली. पिल्लू फाटकाकडं पळालं आणि ती स्वयंपाकघराकडं. उभी राहून दोन पावलं टाकल्यावर तिनं डोळे उघडले. वाडगा माझ्या पायाशी पडून फिरत राहिला. मी तो उचलला. त्या दिवसापासून माझं लक्ष पिल्लापेक्षा तिच्याकडं जास्त जायला लागलं.

मग चेअरमन आले.

त्यांच्या मुलीचं लग्न होतं. तालुक्यातलं सगळ्यात मोठं काम मिळणार म्हणून तात्यांनी नवी टोपी घातली होती आणि संग्रामनं अंगणात पाणी मारून घेतलं होतं. पांढरंशुभ्र धोतर सावरत चेअरमनसाहेब ओसरीवर चढले आणि खांबापाशी थांबले. त्यांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्यांचा पक्ष तेव्हा सत्तेत होता.

"हे आमच्यासाठी लिवलंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब, न्हाई," संग्राम धावत पुढं आला. "सरकार म्हंजी आमचं कुत्रं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ती अशी. चेअरमनांच्या बरोबरचे दोघे कार्यकर्ते खाली बघायला लागले. तात्या इतके खाकरले, की आतून कुणीतरी पाणी आणलं. तरी चहा झाला, जिलबी झाली, बोलणं रुळावर आलं, साहेब हसलेसुद्धा. आता नुसतं उठून गप्प निघाले असते तर सगळं निभावलं असतं. पण असल्या घरात मोठा माणूस गप्प निघतो कसला? माई पदर सावरत बाहेर आल्या, त्यांच्यामागून आचारी, कामगार, शेजारपाजारचेही आले, आणि सगळ्यांनी एका सुरात आरती धरावी तशी धरली, "या साहेब, या, या."

"येतो, येतो," साहेबांनी हात जोडले.

मी जिन्यापाशीच उभा होतो, कनात हलताना बघितली. हात पुढं केला तोवर सरकार माझ्या बोटांखालून निघून गेलं होतं. साहेब पायरी उतरत होते. त्यानं मागून धोतराचा सोगा धरला आणि चारी पाय रोवून त्यांना कळपात परत ओढायला लागलं. रक्ताचा थेंब आला नाही. धोतर तेवढं फाटलं, तेही साहेबांनीच पुढं हिसका दिला म्हणून.

गाडी गेली. लग्नाचं कामही गेलंच, हे कळायला कुणाला निरोप यावा लागला नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. आधी पाटीला शिव्या झाल्या, मग कुत्र्याला, मग मला. संग्रामनं पाटी उपटून उकिरड्यावर फेकली. त्या दिवशी तात्या खाकरले नाहीत, बोलले.

"कुत्रं भट्टीवर. आत्ताच्या आत्ता. आन् मास्तर, तुमी पायरी वळखून ऱ्हावा. ह्या घरात तुमी आन् ते कुत्रं, दोघं फुकट खाताय."

माणसाला राग यायला हवा, तसा मला आला नाही. एवढी वर्षं हीच माणसं आपल्याला कमी लेखतात म्हणून आपण खंत करत होतो, याचीच मला मौज वाटली. मी माडीवर गेलो. पिशवीत कपडे आणि रंगांची पेटी भरली. त्याहून जास्त माझं तिथं काही नव्हतं. खाली आलो तर संग्राम साखळी घेऊन जिन्यापाशी उभा होता, आणि सरकार, एवढा पराक्रम करून, कनातीमागं गाढ झोपलं होतं. मी त्याला अलगद उचलून खांद्यावर घेतलं. त्यानं एक उसासा टाकला आणि माझ्या कॉलरवर लाळ गाळत झोप पुढं चालू ठेवली.

"मास्तर, कुत्रं माझं हाय," संग्राम म्हणाला.

"हाक मार त्याला," मी म्हणालो. "आलं तर घेऊन जा."

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला काय आठवलं कोण जाणे. सगळ्या कामगारांसमोर कुत्र्यानं पुन्हा पाठ फिरवली तर, एवढा हिशेब त्यालाही करता आला असावा. तो साखळी हातात खुळखुळवत तसाच उभा राहिला.

माई उंबऱ्यावर आडव्या आल्या. मागं स्वयंपाकघराच्या दारात शालन होती, कमरेला किल्ल्या, हाताला पीठ. मी तिला चल म्हणालो नाही. तिला हे कर, ते कर, इकडं चल म्हणणारे त्या घरात पुष्कळ होते. त्यात आणखी एक मला व्हायचं नव्हतं. ती नाही आली तर मी तिच्याशिवाय त्या रस्त्यावर उभा असणार, हे मला कळत होतं.

"रागाच्या भरात पाऊल टाकू नगा," माई म्हणाल्या. "आन् टाकायचंच असंल, तर येतो म्हणा, जावईबापू."

"जातो," मी म्हणालो.

ओसरीवर कुणीतरी श्वास आत ओढला. माईंनी तोंडावर पदर धरला. खांद्यावरच्या सरकारनं मात्र कानसुद्धा हलवला नाही. तो शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

मी पायरी उतरलो. मागं किल्ल्या वाजल्या. वळून बघितलं तर शालननं त्या कमरेच्या काढल्या होत्या आणि उंबऱ्यावर, माईंच्या पायापाशी, ठेवत होती. तिनं पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

"आई, मी पण जाते."

"आगं पण, संध्याकाळच्या पानांचं कोण बघायचं?" संग्रामनं विचारलं. तात्या त्याच्याकडंच बघत होते, म्हणजे त्यांनाही तेच विचारायचं होतं. त्या घरानं लेकीला दिलेला निरोप तो एवढाच.

आम्ही फाटकाबाहेर पडलो. ऊन होतं. शाळेजवळ खोली मिळते का बघू, असं मी म्हणालो आणि ती हूं म्हणाली. वीसएक पावलं गेलो असू. तेवढ्यात मागून माईंचा आवाज आला. नेहमीसारखा खणखणीत नव्हता. सवयीनं आला की आणखी कशानं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"या."

सरकारनं डोळे उघडले. दोन्ही कान ताठ झाले, पंजे माझ्या खांद्यात रुतले, आणि ते घराकडं मान वळवायला लागलं. शालनचं पाऊल अडखळलं. मग तिनं हात वर केला, पिठानं पांढरा झालेला, आणि तळवा पिल्लाच्या कानावर दाबून धरला.

"झोप," ती म्हणाली, आणि चालत राहिली.